दुरुस्तीचं पान

डब्लिन, ६ फेब्रुवारी १७६४

ती. स्व. डॉर्कसमावशीस,
केझायाचा सा. न. वि. वि.

लोणी पोचलं. वाटेत कुणीतरी बोट घालून चाखलेलं दिसतं. पण आई म्हणते, कॉर्कचं लोणी बघून पाद्र्याचाही हात वळवळेल, तेव्हा गाडीवानाला शिव्या देऊ नकोस.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. नाताळाआधी आपण घरगुती औषधांचं पुस्तक छापलं, ज्याच्या प्रती तुझ्या दुकानात आहेत, त्यात एक भयंकर चूक राहिली आहे. उरलेल्या तावांना घड्या घालताना मी सहज वाचत होते. लहान मुलांच्या खोकल्याचं औषध एका पानावर सुरू होतं आणि पान उलटलं की थेट मोठ्या माणसाच्या सांधेदुखीवरच्या अफूच्या अर्काचं माप येतं. एकाच पानाच्या दोन बाजूंच्या मजकुराची अदलाबदल झाली आहे. वाक्य मात्र कुठेही अडखळत नाही. कुणी आई ते वाचून तान्ह्याला द्यायची आणि ते मूल पुन्हा उठायचं नाही.

आपला छपाईचे खिळे जुळवणारा ब्रेनन म्हातारा झाला, त्याच्या हातून जुळवलेली पानं दगडी पाटावर मांडताना हे झालं. पानांचे आकडे आधीच्या तावाच्या चौकटीत बसवलेले होते, ते जागच्या जागी राहिले, म्हणून आकडे बरोबर. तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द छापतो त्यावरूनही सापडायला हवं होतं. पण दोन्हीकडे तो शब्द ‘आणि’ निघाला. इतकं दुर्दैव.

पण मावशी, छापण्याआधीची मुद्रितं शेवटी आई वाचते. तिच्या नजरेतून हे कसं सुटलं म्हणून मी विचारलं. तिनं शाईचं बोट एप्रनला पुसलं. मग म्हणाली की वर्षभर झालं, तिला बारीक अक्षर दिसत नाही, सगळं दुधात बुडल्यासारखं. भिंग लावून ती तळाचा शब्द आणि पुढचा शब्द तेवढे जुळवते आणि बाकीचं देवावर सोडते. मी रोज शेजारी बसून मूळ प्रत वाचून दाखवत होते, आणि मला कळलं नाही.

तिनं लपवलं का, हे तुला सांगायला नको. बाबांच्या मृत्युपत्रात लिहिलं आहे की आई स्वतः मुद्रितं तपासते तोवरच छापखाना तिचा, पुढे गिडिअनकाकांचा. काकांचा जावई टोबायस आत्तापासून अधूनमधून येऊन खिडक्या मोजून जातो.

पान नव्यानं छापलं तर कामगारांना कळेल, म्हणजे काकांना कळेल. नाही छापलं तर काय होईल ते मला लिहवत नाही. तू निदान आजपासून एकही प्रत विकू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस. आत्ता तिच्यावाचून मला दुसरं काही धरायला नाही.

तुझी
केझाया

कॉर्क, १३ फेब्रुवारी

चि. केझायास,
डॉर्कसमावशीचे अ. उ. आ.

पत्र हातात पडल्याबरोबर प्रती फळीवरून उतरवल्या आणि पलंगाखाली सारल्या. विकल्या गेल्या त्या बहुतेक ओळखीच्या घरांत आहेत. एकच बाई परकी होती. बाजाराच्या दिवशी किन्सेलकडून आलेली. घासाघीस करून पुस्तक घेऊन गेली, नाव मी विचारलं नाही. आता जीभ चावते आहे.

तू रडत बसली असशील, म्हणून रोखठोक सांगते. पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र जोड आणि तोंड मिटून बस. सगळे हेच करतात. लंडनवाल्यांची शुद्धिपत्रं कधी कधी पुस्तकापेक्षा वाचनीय असतात.

तुझ्या आईसाठी, माझ्या अबिगेलसाठी, मला वाईट वाटतं. सॅम्युअल कॉफीघरात बसून राजकारण करायचा, आणि ही बाई एका हातानं तुला पाळण्यात हलवायची, दुसऱ्यानं मुद्रितं तपासायची. तो जाऊन दोन वर्षं झाली, तरी प्रत्येक पुस्तकावर ‘सॅम्युअल ऑर्पिन यांनी छापले’ हेच आहे. माझं तरी काय वेगळं? दुकानाच्या पाटीवर अजून माझ्या नवऱ्याचं नाव आहे. गिऱ्हाईक विचारतं, मालक कुठे? मी म्हणते, वर गेलेत. काही जण थांबूनही राहतात.

म्हणून म्हणते, एवढ्या कष्टाचा छापखाना त्या टोबायसच्या घशात घालू नकोस. शुद्धिपत्र पुरेसं आहे. निदान मी स्वतःला तसं बजावते आहे.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच, पण ते पोटात घालता येत नाहीत.

तुझी
मावशी

डब्लिन, २२ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकायचं ठरवलं होतं. शुद्धिपत्राच्या चार ओळी लिहूनही काढल्या. लिहिताना मात्र एकच विचार छळत राहिला: मूल खोकून खोकून निळं पडलंय, आई एका हातानं पुस्तक धरून बसली आहे, ती शेवटचं पान उलटून बघेल का? मी तरी बघितलं असतं का? आजवर एकाही पुस्तकाचं शुद्धिपत्र आधी वाचून मी ते पुस्तक वाचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला सांगितलं की हे मला जमणार नाही. ती ओटाची लापशी ढवळत होती. मान वर न करता म्हणाली की तुला जमलं असतं तर मला जास्त वाईट वाटलं असतं. मग जणू पंधरा दिवस तोंडपाठ करून ठेवल्यासारखं तिनं सांगितलं: पान कापायचं, नवं छापून त्या जागी चिकटवायचं, गेलेल्या प्रतींसाठी सुटी पानं पाठवायची, आणि वर्तमानपत्रात सूचना द्यायची.

सूचनेखाली नाव कोणाचं, यावर आमचं वाजलं. मी बाबांचं घालत होते. आई म्हणाली, की मेलेल्या माणसावर चूक ढकलायची नाही. अबिगेल ऑर्पिन असं घाल. मी म्हटलं, अगं, आयुष्यात पहिल्यांदा तुझं नाव छापून येणार आणि ते चुकीखाली? तर म्हणते कशी, की बरोबर छापलेल्या पुस्तकांवर कुणी दिलं नाही; हे तरी कुणी माझ्याकडून हिसकावून घेणार नाही.

ब्रेननला सांगितलं तेव्हा तो टोपी चुरगाळत उभा राहिला. त्याला धनीणबाईंचं नाव मोठ्या खिळ्यांत बसवायचं होतं. आईनं झापलं, की नाव बारीक ठेव, औषधाचं माप मोठं कर.

सूचना कालच्या अंकात आली. सुटी पानं या पत्राबरोबर आहेत. काका अजून आले नाहीत. जिन्यावर पाऊल वाजलं की माझ्या हातातली सुरी थांबते. मी इतकी पानं कापली आहेत की बोटांना आता कागदाची धार कळत नाही.

आमच्यावर रागावलीस तरी पाठ फिरवू नकोस.

तुझी
केझाया

कॉर्क, ८ मार्च

चि. केझायास,
अ. उ. आ.

रागावले नाही. माझी शिकवण नातलगांनी ऐकली नाही की मला बरं वाटतं, असं मला या वयात कळलं आहे.

पाय सुजले आहेत, म्हणून थोडक्यात लिहिते. कात्री आणि खळीचं भांडं घेऊन घरोघर गेले. मोठ्या चर्चच्या डीनच्या बायकोनं मला मागच्या दारानं घेतलं, पण पान बदलू दिलं. न्यायाधीशाच्या बहिणीनं विचारलं की ही अबिगेल कोण. मी सांगितलं, जिनं तुमची प्रवचनं, पंचांगं आणि पाककृती इतकी वर्षं छापल्या तीच.

किन्सेलची बाई कोळणींकडे चौकशी करून सापडली. पिंपं बनवणाऱ्याची बायको, पाच पोरं, त्यातलं धाकटं छातीशी घरघरत होतं. मी विचारलं, पुस्तकातलं औषध दिलंस का? ती म्हणाली, छे, नवरा वाचून दाखवणार होता, पण त्याला सवड नाही. उद्या रविवारी वाचणार आहे. मी तिथेच तिच्या पिठाच्या पिंपावर बसले. वर ही भवानी जुनं पान द्यायला तयार नाही! म्हणे पुस्तकाबरोबर विकत घेतलंय, ते माझं. शेवटी तिनं जुनं-नवं दोन्ही पानं हवीत असा हट्ट धरला, तेव्हा मी जुनं तिच्या हातातून ओढून चुलीत घातलं. आता तिकडच्या बाजारात माझी कीर्ती चोर म्हणून आहे.

गिडिअन काय म्हणाला ते कळव. माझी मागची खोली रिकामी आहे. चूल धूर करत नाही. दोघी या.

तुम्हा दोघींवर जीव आहे, हे वेगळं लिहायला लावू नका.

मावशी

डब्लिन, १९ मार्च

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

ते मूल वाचलं, हे मी आईला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिनं मागितलं नाही, पण मी वाचलं.

काका शनिवारी आले. बरोबर टोबायस. वर्तमानपत्र टेबलावर आपटून काकांनी विचारलं, की ऑर्पिन घराण्याचं नाव चव्हाट्यावर मांडायला कुणी सांगितलं? आई म्हणाली, माझं मांडलंय, तुमचं नाही. मग त्यांनी कामगारांच्या देखत एक मुद्रित तिच्यापुढे धरलं आणि वाच म्हणाले. तिनं ते हातात घेतलंच नाही. म्हणाली, की भाऊजी, मला दिसत नाही, ही पंचाईत तुम्ही शहाण्यासारखी आधीच ओळखली आहे, तर उगीच कागद कशाला मळवता. ब्रेनननं तोंड फिरवलं.

मार्चअखेर छापखाना काकांकडे, म्हणजे टोबायसकडे जातो. सूचनेमुळे उलट पुस्तकाची मागणी वाढली आहे. काका दुसरी आवृत्ती काढणार आहेत. टोबायस मुद्रित वाचायला बसला, मी मूळ प्रत वाचत होते. तो चुकीचं पान धरून मान डोलवत होता. मी थांबले, तरी डोलवत होता.

दुसऱ्या दिवशी काका मला म्हणाले, की तू राहा, जेवणखाण आणि वरची खोली मिळेल, मुद्रितं तपास. पुस्तकावर अर्थात टोबायसचं नाव असेल. मी दोन रात्री विचार केला. काकांना नाही म्हणावं असं फार वाटत होतं. पण मी गेले तर ते पुस्तक त्याच्या हाती राहील, आणि ते पुस्तक लहान मुलं असलेल्या घरांत जातं. मी हो म्हटलं आहे.

आई एकटी येते आहे, मंगळवारच्या गाडीनं. तिला उजव्या बाजूनं हात दे, तिकडे थोडं दिसतं. आम्ही दोघींचे कपडे एकाच पेटीत भरले होते. मी मागून येईन असंच तिला सांगितलं. ती संध्याकाळी पेटीशी बसली, चाचपडत माझी जाड लोकरी शाल बाहेर काढली, आणि माझ्या खुंटीवर परत टांगून आली.

माझ्या वाट्याची माया आता तिला दे, मावशी. मला कामापुरती पुरेल.

तुझी
केझाया