पळत पैठणला आलो, पण घरी आलो नाही, त्याबद्दल

तीर्थस्वरूप दाजींच्या सेवेशी,

सुदर्शनचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (वाकून करायला हवा होता, पण चार दिवस झाले, कंबरेखालचा भाग माझं ऐकत नाही. वाकलो तर परत सरळ करायला माणूस लागतो.) तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता की बाटली नुसती खिडकीत ठेवता? परसातल्या चिकूला यंदा फळ धरलं का? इकडं आम्ही सगळे ठीक आहोत. संस्कृतीची परीक्षा संपली, तिच्या आईची तब्येत चांगली आहे, आणि माझ्या पायाच्या दोन अंगठ्यांची नखं काळी पडली आहेत. त्याचं कारण पुढं येईलच.

पत्र घरी न पाठवता वाचनालयाच्या पत्त्यावर का पाठवलं, असं तुम्हाला वाटेल. दाजी, रविवारपासून आक्का माझा फोन उचलत नाही. तुमचाही फोन तीच उचलते आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देते. तुम्ही दुपारी पेपर वाचायला वाचनालयात बसता हे मला माहीत आहे, म्हणून हा मार्ग. यातलं अवाक्षर आक्काला कळू देऊ नका. जे घडलं ते जसंच्या तसं फक्त तुम्हाला सांगतो.

मुळात हे सगळं दिवाळीत सुरू झालं. यंदाच्या नाही, मागच्या. भाऊबीजेला आक्का मला म्हणाली, "पन्नास किलोमीटरवर सख्खी बहीण राहती, अन् तू वर्षातून एकदा तोंड दाखवतोस. अमेरिकेत असतास तर दोनदा आला असतास." मी हसलो, पण ते मनात बसलं. महिनाभरानं कंपनीतल्या फळ्यावर कागद लागला, की पुढच्या वर्षी आपल्या शहरातल्या पैठण गेटपासून थेट पैठणपर्यंत अशी पन्नास किलोमीटरची धावण्याची शर्यत आहे, वेळ नऊ तास. मी स्टोअरमध्ये बसून वीस वर्षं नटबोल्ट मोजलेले, वय एक्कावन्न, जिना चढताना मधल्या मजल्यावर नोटीस वाचायचं निमित्त करून थांबणारा माणूस. पण शर्यत संपते कुठं, तर आक्काच्या गावात! मी त्याच दिवशी नाव दिलं आणि घरी येऊन सांगितलं. संस्कृती हसून हसून पलंगावर आडवी झाली. तिची आई हसली नाही, ती म्हणाली की बसनं दीड तास लागतो.

वर्षभर पळालो, दाजी. उस्मानपुऱ्यातल्या कुत्र्यांनी पहिले दोन महिने माझा सराव घेतला, तिसऱ्या महिन्यात ती कंटाळली आणि मला माझ्याच जोरावर पळावं लागलं. आधी चौकापर्यंत, मग स्टेशनपर्यंत, मग एका रविवारी हर्सूलच्या तलावाला जाऊन परत. (त्या दिवशी घरी आलो तेव्हा संस्कृतीच्या आईनं पहिल्यांदाच न मागता लिंबूसरबत दिलं.) आक्काला फोन करून सांगितलं की यंदा मी पळत येतो. ती म्हणाली, "ये, सगळ्या गल्लीला दाखवीन." आणि तिनं खरंच गल्लीभर सांगितलं, हे मला नंतर कळलं.

रविवारी पहाटे पाचला पैठण गेटपासून दोनशे माणसं निघाली. चितेगावपर्यंत माझ्या पुढं एकशे नव्याण्णव होती. याचा अर्थ तुमच्या लक्षात आला असेल. शर्यतीत सगळ्यात शेवटच्या माणसामागं एक गाडी ठेवतात, थकला की त्याला उचलायला. दिवस उजाडला तेव्हा ती पांढरी गाडी माझ्या मागं दहा फुटांवर होती आणि शेवटपर्यंत तिथंच राहिली. चालवायला चांदपाशा नावाचा गृहस्थ, पन्नाशीचा, मेंदी लावलेली दाढी, अंगात नवाकोरा कुर्ता. त्याच्या भाचीचा निकाह त्याच दिवशी दुपारी पैठणला होता. म्हणजे मी जितका लवकर गाडीत बसेन तितका तो लवकर मांडवात पोहोचणार. दर दोन किलोमीटरला तो काच खाली करून अदबीनं विचारायचा, "बैठते क्या साब? एसी चालू हाय." मी मान हलवायचो. काच वर जायची.

बिडकीनला पहिला घात झाला. रस्त्याकडेला हॉटेल आहे ते आपल्या कचरूचं, माझ्याबरोबर दहावीला होता तो. त्यानं मला ओळखलं आणि सरळ रस्त्यात आडवा आला. पोहे खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ देणार नाही म्हणाला. मी शर्यतीत आहे असं सांगितलं, तर त्यानं मागं वळून रिकामा रस्ता पाहिला आणि विचारलं, "कुणासंगं?" मग बसलो. पोहे उत्तम होते. (चांदपाशानंही दोन प्लेट खाल्ले.) पण पंधरा मिनिटांनी उठायला गेलो तर पाय उठेनात. कचरूनं एका बाजूनं आणि चांदपाशानं दुसऱ्या बाजूनं धरून मला उभं केलं, रस्त्यावर आणून ठेवलं आणि पैठणकडं तोंड करून हलकेच ढकललं.

पुढं ढोरकीनला पारावर म्हातारी माणसं बसली होती. त्यांना आधी वाटलं गाडी मला पकडायला मागं लागली आहे. एकानं काठी उगारून चांदपाशाला थांबवायचाही प्रयत्न केला. खरा प्रकार कळल्यावर मात्र त्यांनी मलाच बाजूला घेतलं. गाडी पैठणलाच चालली व्हय? व्हय. रिकामी हाय? हाय. बसवून घेतो म्हणतो? म्हणतो. मग? या "मग" ला माझ्याकडं उत्तर नव्हतं, दाजी. तुम्ही तीस वर्षं शाळेत शिकवलंत, तुम्हाला सुचलं तर कळवा.

पिंपळवाडीला मी संपलो. हे विनोदानं लिहीत नाही. सहा किलोमीटर राहिले होते आणि पंचावन्न मिनिटं. ऊन डोक्यावर आलेलं, पोटऱ्यांत गोळे, आणि डोळ्यांपुढं डांबर हलत होतं. वर्षभर काय केलं आपण, असं वाटून मला रस्त्याच्या कडेला चक्क रडू आलं. मी मागं वळलो, गाडीपाशी गेलो आणि दाराला हात घातला. चांदपाशानं काच खाली केली. दिवसभर तो याच क्षणाची वाट पाहत होता, पण त्यानं दार उघडलं नाही.

"पैठन में कौन है साब?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, मोठी बहीण आहे. पळत येतो म्हणून सांगितलंय तिला.

"आपा को बोलके निकले?" तो म्हणाला. मग आतून टक्कन आवाज झाला. त्यानं चारी दारं लॉक केली. "अब बैठने का नाम नक्को लेव. निकाह मेरे बगैर भी होता. चलो!"

आणि दाजी, मी चाललो. मग पळालो. मग पुन्हा चाललो. तो माणूस काच खाली करून मला त्याच्या आठही भाच्यांची लग्नं कशी जमली ते सांगत होता, आणि सातवीचं जमता जमता मला पैठणची वेस दिसली. एक वाजून छप्पन्न मिनिटांनी मी रेघ ओलांडली. शर्यतीच्या मांडवाचा अर्धा कपडा उतरला होता, माइकवाला जेवायला बसला होता. मेडलांचं खोकं टेंपोत चढलं होतं, ते चांदपाशानं उतरवायला लावलं आणि स्वतः माझ्या गळ्यात घातलं. टाळ्या वाजवणारा तो एकटाच. पण दाजी, माझ्या लग्नातसुद्धा मला इतकं बरं वाटलं नव्हतं. (हे संस्कृतीच्या आईला कळवू नये.)

आता मुख्य अपराध. चांदपाशा निकाहला पळाला. माझी फोनची पिशवी सामानाच्या टेंपोत कुठंतरी होती. आक्काची गल्ली स्टँडपासून किती? दहा मिनिटं. पण स्टँडपर्यंत आलो आणि पाऊल उचलेना. समोर सावलीत एक रिकामी एसटी उभी होती. म्हटलं पाच मिनिटं टेकू. खिडकीला डोकं लावलं. डोळे उघडले तेव्हा बाहेर आपलं मध्यवर्ती बसस्थानक होतं आणि घड्याळात साडेचार वाजले होते. कंडक्टर म्हणाला, गळ्यात मेडल बघून उठवावंसं वाटलं नाही. नऊ तासांत जे अंतर कापलं होतं ते मी घोरत परत आलो होतो.

घरी येऊन संस्कृतीच्या फोनवरून आक्काला फोन लावला, तर तो तुमच्या गल्लीतल्या आशाबाईंनी उचलला. त्यांनी सांगितलं की आक्का औक्षणाचं ताट घेऊन चार वाजेपर्यंत दारात उभी होती. गल्लीतल्या अकरा बायका जमवल्या होत्या. मांडे केले होते. वात तीनदा विझली, तीनदा लावली. दाजी, पन्नास किलोमीटरनं जे दुखलं नाही ते हे ऐकून दुखलं. मी दाराशी येऊन मागं गेलो असं तिला वाटत असेल, तर ते खोटं आहे. मी दारापर्यंत पोचलोच नाही, एवढंच खरं.

गुडघ्याला जपा.

तुमचा,
सुदर्शन

ता. क. : एक बारीक काम आहे. हे पत्र वाचून झालं की घरी न्या आणि तुमच्या गादीखाली ठेवा, कोपरा बाहेर दिसेल असं. आक्का हातात दिलेला कागद वाचत नाही आणि लपवलेला सोडत नाही. खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्र लिहिलं. गादीखाली ठेवण्याआधी हा मजकूर आठवणीनं फाडून टाका.

आणखी ता. क. : आक्का, दाजी वरचं फाडायला विसरतील हे मला माहीत होतं. चुकलो. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं येतो, आणि सीट मिळाली तरी बसणार नाही. मेडल घालून येऊ नका, लोक हसतील, असं संस्कृतीची आई म्हणते. घालून येऊ की खिशात घेऊन येऊ, तेवढं विचारायला तरी फोन उचल.