तांबड्या ताऱ्याच्या सव्वीस वह्या

मी, माधव रघुनाथ सोहोनी, वय अडुसष्ट, सेवानिवृत्त शिक्षक, राहणार लोणावळे, कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्यामागची व्यवस्था सांगत आहे. वकील लिहून घेत आहेत. बुद्धी शाबूत आहे. डोळे नाहीत. मोतीबिंदूमुळे चार वर्षे तारे दिसत नाहीत.

१. घर व पुस्तके पुतण्या शरच्चंद्र यास. तो पुण्यास कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. परसातला आंबा तोडू नये. पूर्वेचे आकाश अडवतो म्हणून मी तो दोनदा छाटला. तरी फळ देत राहिला.

२. दुर्बीण शाळेस. खाली लिहिलेल्या ताऱ्यासाठी ती लागली नाही.

३. सव्वीस वह्या. मृगाच्या चौकोनातला तांबडा तारा, आर्द्रा, १९१२ पासून दर मोसमात संध्याकाळी नुसत्या डोळ्यांनी पाहून, रोहिणीशी ताडून, त्याचे तेज यांत लिहिले आहे. ते कमीजास्त होते. सूर्याच्या जागी हा तारा ठेवला तर पृथ्वी त्याच्या पोटात जाईल, एवढा तो थोर आहे. त्याच्यासमोर उभे राहण्यात आयुष्य गेले, याचे समाधान आहे.

पहिल्या चौदा वह्यांत दोष आहे. औंढ्याच्या धोंडाबाई संध्याकाळचे दूध घालतात. एकदा त्या म्हणाल्या, "गुरुजी, टक लावू नगा. चुलीतल्या इस्तूकडं बगत ऱ्हायलं की त्यो वाढतोय. नजर टाकायची आन् काडायची." तसे केले. तेजाचा आकडा उतरला. चौदा वर्षे मी माझी टक मोजत होतो.

गेल्या चार वर्षांच्या नोंदी त्यांच्या नजरेच्या आहेत. अक्षर माझे, वाकडे.

ग्रंथ म्हणतात, असे तांबडे तारे तरुण. धोंडाबाई म्हणाल्या, "ह्यो म्हातारा हाय. त्याल सरत आलं की दिवा असाच कमीजास्त व्हतो."

शरच्चंद्र हसला. "मावशी, पुस्तकं लिहिणारे काय वेडे?"

"न्हाई बाबा. पर त्यांनी दिवा इझताना बगितलाय का?"

मला त्यांचे पटते. शरच्चंद्रास हे मत गाळून वह्या माझ्या एकट्याच्या नावाने छापायच्या आहेत. तसे करू नये. मत चुकले तर चूक धोंडाबाईंच्या नावावर राहो. खरे ठरले तर माझ्या नावावर जाऊ नये.

४. म्हणून सर्व वह्या धोंडाबाईंस. त्यांना वाचता येत नाही, ही हरकत कोणी घेऊ नये. छापायच्या तर त्यांना विचारून, दोघांच्या नावाने, एक ओळही न गाळता.

५. त्यांना या कागदावर अंगठा द्यायचा होता. ज्यास मिळायचे त्याने साक्ष न दिलेली बरी, असे वकील म्हणतात. त्या रुसल्या. "चार वर्सं माज्याच साक्षीवर लिवलं न्हवं?"

खरे आहे. दिवे लागेपर्यंत सही थांबवली. त्या अंगणात जाऊन आल्या. "त्येज रोहिणीपरीस वाईच वर." नोंद सव्विसाव्या वहीत केली आणि तिच्याखाली त्यांचा अंगठा घेतला. सत्ताविसावी कोरी वही फडताळात आहे.

मी जाईन त्या दिवशी आकाश मोकळे असेल, तर धोंडाबाईंनी आधी तारा पाहावा. मग रडावे.

वाचून दाखवलेले ऐकले, बरोबर आहे.

माधव रघुनाथ सोहोनी

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
महिपती गेणू केदारी, औंढे
अंबाजी मारुती ढोरे, इंदुरी

लोणावळे, ता. ११ फेब्रुवारी १९३८