अस्वलाच्या घरचा शिमगा

आई, तू अस्वल झाली होतीस ती कॅसेट सापडली. केबलचा धंदा मी यंदा विकून टाकला. लोक आता घरावर छत्र्या लावून थेट आभाळातून चित्र घेतात, माझ्या वायरी कोणाला हव्यात. पोलादपूरची खोली रिकामी करताना जुन्या मशिनमागं ती पडलेली दिसली. महाडला घरी आणली आणि नुसती टीव्हीवर ठेवून दिली. घरात सध्या मी एकटाच आहे. तुझी सून लेकीच्या बाळंतपणाला मस्कतला गेलीय. मुलगा सुट्टीत नातवंडांना घेऊन पुण्याहून यायचा होता, तर त्यांचं कुठंतरी थंड हवेला जायचं ठरलं. मी म्हटलं, जा बाबांनो, इथं नुसता उकाडा आहे. असं हसत सांगायला मला छान जमतं, ते तुझ्याकडूनच आलं असणार. पण कॅसेट लावायला हात होईना. तुझे फोटो आहेत माझ्याकडे, लुगडं आहे, आवाज मात्र नाही. कुठल्या आळीत वायरीच्या कोणत्या जोडाला खरखर आहे ते नुसत्या कानानं ओळखून मी धंदा वाढवला, आणि त्या कानांना स्वतःच्या आईचा आवाज आठवेना झालाय. तू गेल्यावर पहिली काही वर्षं यायचा, हाक मारल्यासारखा. मग पुसट होत गेला. हे कोणाला सांगण्यासारखं दुखणं नव्हे, म्हणून तुला सांगतो.

तो मे महिना आठव. शाळांना सुट्टी पडलेली, आणि पोलादपुरातल्या बायका माझ्या नावानं ओरडतायत, की दुपारभर मारामारीचे पिक्चर लावतोस, पोरं एकमेकांची टाळकी फोडतायत. दासगावचा माझा दोस्त, ट्रकवाला, त्याचा भाऊ तेव्हा आखातातून आला होता. त्यानं आपल्या पोरांसाठी आणलेलं एक कार्टून मला दिलं. जनावरांच्या दोस्तीचं. म्हटला, भाईजान, यात एक थप्पडसुद्धा नाही, लाव बिनधास्त. मी लावलं, आणि ते निघालं इंग्रजी. थोड्याच वेळात खोलीच्या जिन्याखाली पोरांची शिट्टी सुरू. मी आवाज बारीक केला आणि जाहिराती बोलायचा माईक घेऊन स्वतःच सांगू लागलो: आता ससा आला, आता ससा अस्वलाला भेटला. शिट्ट्या वाढल्या. तू त्या दिवशी डोळे दाखवायला आपल्या कापडे गावाहून आली होतीस आणि यष्टीला वेळ होता म्हणून माझ्या मागं बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होतीस. ‘असं मेल्यावानी काय सांगतोस,’ तू म्हणालीस, आणि ते अख्ख्या पोलादपुरानं ऐकलं. जिन्याखालची शिट्टी थांबली. मी माईक तुझ्याकडे वळवला आणि दुसऱ्या मशिनवर कोरी कॅसेट रेकॉर्डिंगला लावली.

गोष्ट साधी होती. बर्फाळ रानात एक अस्वल एकटं राहतं, सण येतो, आणि दूर पांगलेले त्याचे मित्र वाटेतली संकटं काढत त्याच्याकडे सणाला पोचतात. तुला इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता आणि तुझं काही अडलं नाही. ससा मुंबईहून आलेल्या भाच्यासारखा अर्धं हिंदी झाडत आला. खारीला तू शेकरू केलंस. बदकिणीला असा नाकातला आवाज दिलास, की बाजारातल्या एका दुकानदारीणबाईंनी दुसऱ्या दिवशी मला थांबवून विचारलं, बदकीन मीच ना रे? त्या आठवडाभर खूश होत्या. मग चित्रातल्या जनावरांनी रानातून झाड तोडून ओढत आणलं, घरात उभं केलं आणि त्याच्याभोवती नाचू लागली. तू क्षणाचाही विचार केला नाहीस. झाड आणलं, उभं केलं, भोवती नाचले, म्हणजे शिमगाच. तू होळीच्या फाका, त्या चावट आरोळ्या, घातल्यास, माईकवर, भर दुपारी, त्यातल्या बऱ्यापैकी सभ्य. पोरं पेटवण्याची वाट बघत बसली. जनावरं काही झाड पेटवीनात. ‘लाकूड वलं आसंल,’ तू अस्वलाच्या जाड आवाजात म्हणालीस. ‘थंडीचं पेटत नाय.’

पण मधेच तू थांबलीस. अस्वल खिडकीत उभं, बर्फ पडतंय, आणि माईकवर काहीच नाही. मला वाटलं माईकच गेला. तू माईकवर हात ठेवून, माझ्याकडे बघून म्हणालीस, ‘आयकतोस ना? मग हूं कर की.’ घरी तुझा तोच कायदा होता. गोष्ट सांगायची तर समोरच्यानं हुंकार द्यायचा; हुंकार थांबला की ऐकणारा झोपला, म्हणून राजा असेल तिथं, राक्षस असेल तिथं, गोष्ट बंद. मी खुणेनं सांगतोय, की सगळा गाव ऐकतोय गो आई, तू बोल. तुला तो गाव दिसत नव्हता. तुला मी दिसत होतो. मग मी माझ्या मशिनपाशी उभा राहून हूं, हूं करत राहिलो आणि अस्वलाकडे पाहुणे पोचले.

ती कॅसेट पोरांनी त्या सुट्टीत पुन्हा पुन्हा मागून घेतली. एका दुपारी मी वायर बघायला आळीतून चाललोय. ऊन असं की कुत्रंसुद्धा बाहेर नाही. आणि प्रत्येक घरातून, उघड्या दारातून, एकाच वेळी पोरांचा आवाज येतोय: हूं. थोडं थांबून पुन्हा: हूं. मी चपला हातात घेतल्या, आवाज होऊ नये म्हणून, आणि तिथंच सावलीला उभा राहिलो. माझ्या आयुष्यात मी इतकं छान काही ऐकलेलं नाही. तुला येऊन सांगितलं तर म्हणालीस, शेणात हात हायत माझे, मग सांग.

दिवाळीला मी दुसरं कार्टून आणलं होतं. तुला नवं लुगडं नेसवून बसवलं, आणि हळूच म्हटलं, जरा शुद्ध बोललीस तर महाडातसुद्धा दाखवता येईल. तू पडद्याकडे बघत बसलीस. मग माईक माझ्याकडे सरकवलास आणि म्हणालीस, ‘माझी जीब गेली रे. तूच बोल.’ मग आपण भजी खाल्ली आणि तुला यष्टीत बसवून दिलं.

काल संध्याकाळी अखेर मी कॅसेट लावली. चित्र पार मुंग्यांनी भरलंय, पण आवाज धड आहे. ससा बोलतो, बदकीण बोलते, पोलादपूर ज्यांच्यावर हसलं ती सगळी जनावरं बोलतात, आणि मी कान देऊन बसलोय, की यात तू कुठं आहेस? भाचा आहे, दुकानदारीणबाई आहेत, तू नाहीस. तू प्रत्येकाचा आवाज काढलास आणि स्वतःचा मागं ठेवलास असं वाटून मला अगदी रडू आलं. पिक्चर संपला, काळ्यावर पांढरी नावं वर सरकू लागली. मी बंद करायला उठणार तोवर तुझा आवाज पुन्हा आला.

तुला वाचता येत नव्हतं. चित्र हलतंय म्हणजे गोष्ट चालू आहे, असं तुला वाटलं असणार. तेव्हा पोलादपुरात हे कोणी ऐकलं नाही. पिक्चर संपताच मी लोकांकडे जाहिराती सोडल्या आणि कुठंशी वायर तुटली म्हणून खाली पळालो. रेकॉर्डिंगचं मशिन तेवढं चालू राहिलं. पुढंही कॅसेट लावली की नावं येताच मी बंद करायचो. समोर एकही जनावर नाही, म्हणून कोणाचा आवाज काढायचा प्रश्न नाही. साध्या आवाजात तू सांगतेयस, की शिमगा झाला, पाहुणे निघाले. सशाला महाडची यष्टी भेटली. बदकीन तुडीलला होडीत बसली. शेकरू झाडांवरनंच घाटाकडं गेलं. अस्वल पायरीवर उभं ऱ्हायलं. मग तू थांबलीस. बांगड्या वाजल्या. हुंकार द्यायला तिथं कोणी नव्हतं. तू वाट बघितलीस, आणि मग म्हणालीस, ‘हाय का रे कोन?’

हा तुझा आवाज. हाच. जरा घोगरा, शेवटी वर जाणारा. मी एकदम मोठ्यानं म्हणालो, ‘हाय ना, आई.’ पुढं कॅसेटमध्ये नुसती खरखर होती. मी मागं फिरवून पुन्हा लावली, पुन्हा ओ दिली. किती वेळा ते विचारू नकोस.

शेवटी दार वाजलं. शेजारच्या वहिनी होत्या, हातात फणसाच्या गऱ्यांचं ताट. म्हणाल्या, भिंतीतून आवाज येतोय, बोलणं चाललंय, आली वाटतं मंडळी सुट्टीला? नातवंडांना द्यायला काढलेत.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि ते बरंच आहे, कारण पुढचं तुला वाचून दाखवायला कोणी असू नये. मी त्यांना हो, आली म्हणालो. ताट घेतलं, दार लावलं, आणि गरे एकट्यानंच संपवले.