नऊ दिवसांत दहा वर्षे कमी

११ ऑक्टोबर २०१८, गुरुवार. सकाळी ६.
सौ. हेमलता हिच्या दुसऱ्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन परवा निर्विघ्न पार पडले. चष्मा १० नोव्हेंबर रोजी मिळेल. म्हणजे त्या दिवशी ती मला सात वर्षांनंतर स्पष्ट पाहणार. तिने मला शेवटचे नीट पाहिले तेव्हा मी सदुसष्ट वर्षांचा होतो. मधल्या काळात झालेले फेरफार तिच्या निदर्शनास आणलेले नाहीत.
याबद्दल मला कोणतीही चिंता नाही. आरशासमोर पंचवीस मिनिटे उभा होतो ते आरसा पुसण्यासाठी.

१४ ऑक्टोबर, रविवार.
डोळ्यांखाली दोन पिशव्या आढळल्या. शिवाय सुरकुत्या, अगणित. घराण्याच्या प्रतिष्ठेसाठी काही करणे आवश्यक.
नात कृतिका हिला फोनवर माहिती काढावयास लावली. विश्वनाथसाठी हवी आहे, असे सांगितले. (विश्वनाथ माझ्या खात्यातला जुना सहकारी, हल्ली फरीदाबादेत. त्याचा चेहरा बिघडलेलाच असल्यामुळे संशय येत नाही.) कृतिका म्हणाली, "आजोबा, सब प्लाझ्मा का चक्कर है यार." तिला मराठीत बोलण्याची ताकीद दिली. तिने इंग्रजीत सांगितले.
सारांश असा. पहिला प्रकार: आपलेच रक्त काढून यंत्रात गरगर फिरवतात, वर तरंगणारे पिवळे पाणी सुईने परत चेहऱ्यात घालतात. दुसरा प्रकार: पेनासारखे उपकरण कातडीजवळ आणतात, टोक आणि कातडी यांच्यामध्ये ठिणगी पडते, तिने बारीक ठिपके भाजले जातात. त्यांवर खपल्या धरतात, त्या पडल्या की कातडी आवळते.
दिल्लीच्या मंत्रालयात छत्तीस वर्षे दफ्तरी म्हणून सेवा केलेली असल्याने दोन्ही बाजू तपासून निर्णय दिला: दुसरा प्रकार मंजूर. सुईचे भय हे कारण नाही. माझे रक्त राष्ट्रीय संकटासाठी राखून ठेवलेले आहे, इतकेच.

२० ऑक्टोबर, शनिवार.
आमच्याच सेक्टरातील डॉ. नीरजा यांच्या क्लिनिकमध्ये गेलो. वय पस्तिशीचे. "काका, बसा ना," म्हणाल्या. मराठी निघाल्या, म्हणजे बातमी घरी पोहोचण्याची भीती, हे एक संकटच. त्यांचे म्हणणे: आपल्या गव्हाळ कातडीवर याचे काळे डाग राहू शकतात. आधी कानामागे एक ठिपका करून सहा आठवडे वाट पाहावी लागेल. खपल्यांना ऊन, तेल, चोळणे सर्व वर्ज्य. आणि पिशव्यांत चरबी आहे, ती या पेनाने जाणारच नाही. "दिवाळीनंतर या, काका. घाई कसली आहे?"
मुलगी हुशार आहे, पण मुदतीच्या कामाचा अनुभव नाही. चार पानी इंग्रजी फॉर्म दिला होता. मी चौथी पास आहे, तेव्हा तो वाचला असे मानून परत केला.

२४ ऑक्टोबर, बुधवार.
विश्वनाथने फरीदाबादेत एक केंद्र शोधले आहे. वर जिम, खाली टायरचे दुकान, मधल्या मजल्यावर सौंदर्य. तिथले डॉक्टरसाहेब कानामागे वगैरे पाहत नाहीत. त्यांची पदवी भिंतीवर आहे, मात्र इतक्या उंचावर की वाचता येत नाही. म्हणाले, "अंकल जी, सात दिन में पपड़ी गिरेगी और दस साल भी साथ में गिर जाएँगे."
असा ठोस शब्द सरकारी नोकरीत मला कोणी दिला नाही. पाडवा, म्हणजे सौ.च्या तेल-उटण्याचा दिवस, ८ नोव्हेंबरला. सात दिवस खपल्यांचे, दोन दिवस राखीव. ३० तारीख निश्चित केली.
घरी सांगितले: विश्वनाथचे ब्लडप्रेशर.

३० ऑक्टोबर, मंगळवार. सायंकाळ.
कार्य संपन्न. बधिर करणारे मलम लावले होते. ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर चालत असावे. केस जळल्यासारखा वास आला. मी शांत होतो. एकदा मोठी किंकाळी ऐकू आली, ती शेजारच्या खोलीतून आली असावी. विश्वनाथ म्हणतो, शेजारी खोलीच नाही.
आरशात मोजले. डावीकडे ३१ ठिपके, उजवीकडे २७. तफावतीचा खुलासा मागितला असता डॉक्टरसाहेब म्हणाले, "अंकल जी, आप हिल गए थे."

३१ ऑक्टोबर, बुधवार.
डोळे उघडत नाहीत. ही नोंद अंदाजाने.
कुटुंबीयांस मधमाशी चावल्याचे सांगितले. चिरंजीव सुधन्वा म्हणाला, "बाबा, चौदाव्या मजल्यावर?" मी म्हटले, माशी लिफ्टने आली नसेल कशावरून. सून केतकी जवळ येऊन बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, चावली ती चावली, पण अशी ओळीने?" हल्लीच्या सुना फार शिकलेल्या असतात.

२ नोव्हेंबर, शुक्रवार.
सूज उतरली. खपल्या काळ्या, ठळक, कडक.
सौ.पासून बचावाची योजना आखली आहे. अधू डोळ्यांच्या माणसाला जितके दूर तितके कमी दिसते, हे उघड आहे. सबब हॉलच्या पार टोकाला, बाल्कनीच्या दारापाशी खुर्ची मांडली. अंतर अठरा फूट.
दुपारी ती सोफ्यावरून म्हणाली, "अहो, तिकडे का बसलाय? या की इथे." मी म्हटले, इथे उजेड बरा आहे. "हो, उजेड छान पडलाय," म्हणाली आणि बराच वेळ हसत बसली. कशाला ते कळले नाही. वयोमानाने असे होते.
तिला काही दिसत नाही याची खात्री पटली. सुईत दोरा माझ्याकडून ओवून घेतला.

५ नोव्हेंबर, सोमवार. धनत्रयोदशी.
पडलेल्या खपल्या: शून्य. शिल्लक: ५८.
फरीदाबादला फोन केला. "अंकल जी, उम्र के हिसाब से टाइम लगता है." मी माझे वय त्यांना एकसष्ट सांगितले होते, तेव्हा हा हिशेब चूक आहे. दोष दिल्लीच्या धुराचा. अशा हवेत खपली तरी कशी सुटावी?

८ नोव्हेंबर, गुरुवार. पाडवा. पहाटे ५.
पेच. पाडव्याला सौ. मला तेल-उटणे लावते. लग्नाला एकोणपन्नास वर्षे झाली, एकही पाडवा चुकला नाही. १९८४ साली मला कावीळ होती तेव्हा पलंगावर लावले. आज नको म्हणणे म्हणजे घटस्फोटाचा अर्ज देणे. डॉ. नीरजा यांनी तेल वर्ज्य सांगितले आहे, पण त्यांच्याकडे मी उपचार घेतलेले नाहीत, तेव्हा ती अट मला लागू होत नाही.
निर्णय: केवळ पाठ व दंड पुढे करावेत. चेहरा हा विषय निघू देऊ नये.

सकाळी ८.
तिने चेहऱ्यापासूनच सुरुवात केली.
पाटावर बसल्याबरोबर हनुवटी धरली. मी मान वळवली, तिने परत आणली. बोटांनी चाचपत म्हणाली, "उटणं फार भरड दळलंय यंदा, रवाळ लागतंय." आणि ते गुळगुळीत होईपर्यंत घासले. तिच्या हातात अजून फार जोर आहे. या वेळी शेजारची खोली नव्हती, हे मान्य करतो.
वाटीत उटण्याबरोबर ४३ खपल्या सापडल्या.

सकाळी ११.
केतकीने मलम लावले, वर कृतिकेने खुलासा केला. आजीच्या डोळ्यांत घातलेली भिंगे लांबचे दिसण्यासाठी आहेत. जवळचे धूसर, म्हणून तर वाचायचा चष्मा येणार आहे. ऑपरेशनपूर्वी बरोबर उलटे होते. मोतीबिंदूने लांबचे गेले होते, पण वीतभर अंतरावरचे स्वच्छ दिसे. "सिंपल है, आजोबा."
म्हणजे मागले सातही पाडवे तिने माझा चेहरा वीतभर अंतरावरून पाहिलेला आहे, पिशव्यांसहित. आणि गेला आठवडाभर अठरा फुटांवरून.
सौ.ला विचारले. म्हणाली, "डावीकडे चार जास्त होते." मग सांगितले का नाही? "इतक्या हौसेने लपवत होतात, म्हटलं राहू दे." आणि मग घासले कशाला? त्यावर तिचा चेहरा पडला. म्हणाली, "मला वाटलं, पडल्या असतील. जवळ आल्यावर नाही हो दिसलं."
एकोणपन्नास वर्षांत प्रथमच चूक तिची होती. 

९ नोव्हेंबर, शुक्रवार.
डॉ. नीरजा यांच्याकडे नेण्यात आले. शब्द नेमका आहे. डाग निदान सहा महिने राहतील. उन्हात जायचे नाही, मलम लावायचे, पुन्हा फरीदाबादेस जायचे नाही. पिशव्या पूर्ववत आहेत. विश्वनाथला फोन केला, त्याचे ब्लडप्रेशर खरोखरच वाढले आहे.

१० नोव्हेंबर, शनिवार. सायंकाळ.
चष्मा आला.
ठरवले होते की त्या वेळी बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत असावे. तिने बोलावले. समोर बसवले, चष्मा चढवला, हनुवटी धरून उजेडाकडे वळवले. भाजीवाल्याकडे वांगे निवडावे तसे पाहिले. मी डोळे मिटून घेतले, औषधाचा परिणाम म्हणून.
"डाग जातील म्हणे," इतकेच म्हणाली. मला वाटले, प्रकरण निकाली निघाले. उठू लागलो. तिने हात सोडला नाही.
म्हणाली, सात वर्षे बेसिनवरच्या आरशात तिला स्वतःचे फक्त कुंकू दिसायचे, बाकी धुके. ऑपरेशननंतर पट्टी काढली आणि आरशात एक म्हातारी उभी. महिना झाला, रोज सकाळी तिलाच बघते आहे. "वाटलं, तुम्ही काहीतरी बोलाल. तर तुम्ही रोज आरशापाशी, माझ्याकडे बघतच नव्हता. मला वाटलं, माझ्याकडेच बघवत नाही तुम्हाला. मग ठिपके दिसले, तेव्हा कळलं काय चाललंय. तुम्हाला तर मोतीबिंदू नव्हता हो. मी कशी झालेय, ते एकदा तरी सांगायचं."
मी पाहिले. नीट पाहिले. हा विषय माझ्याकडे यापूर्वी कधीच आलेला नव्हता. विचारासाठी सोमवारपर्यंत मुदत मागितली.
नामंजूर. म्हणाली, "आत्ता बोला. चष्मा लावलाय मी, खोटं बोललात तर दिसेल."