पलंग क्रमांक अकरावरील रुग्णास त्याचा आजार तोंडावर सांगण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
छाती शस्त्रक्रिया रुग्णालय,
दुसरा मजला, बंद लिफ्टच्या समोर.

विषय : माझ्या वडिलांना त्यांचा आजार सोमवारपूर्वी, त्यांच्या समोर बसून, कळेल अशा भाषेत सांगण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयात मी केलेली तोंडी विनंती.
२) तिला मिळालेले "बघू" हे उत्तर.
३) त्यानंतर कोणीही न बघणे.

महोदय,

१. मी खाली सही करणारी, पलंग क्रमांक अकरावरील रुग्णाची मुलगी. वडिलांचे पंक्चरचे दुकान आहे, सध्या ते मी चालवते. वडिलांच्या उजव्या फुफ्फुसात कॅन्सर निघाला व आपल्या येथे त्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढण्यात आला. शस्त्रक्रिया उत्तम झाली असे सर्वजण सांगतात आणि मीही मानते. ज्या हातांनी ती केली त्यांचे मनापासून आभार. माझी तक्रार तोंडांबद्दल आहे.

२. निदान झाले त्या दिवशी मोठे डॉक्टर वॉर्डाबाहेर आले आणि त्यांनी मला विचारले, "घरातलं कोणी मोठं माणूस आहे का?" मी मोठीच होते, पण त्यांना पुरुष हवा होता. म्हणून काकांना पुढे केले. डॉक्टर चालत चालत सांगत होते, काका मागून पळत होते. काकांना "कॅन्सर" एवढेच ऐकू आले आणि ते फरशी पुसायच्या बादलीवर बसले. त्यानंतर डॉक्टर थांबले व म्हणाले, "पेशंटला कळू देऊ नका, खचतील." काका बादलीवरूनच म्हणाले, "अगदी बरोबर." असे ठरले. ही बातमी आज वॉर्डबॉयला, चहावाल्याला, शेजारच्या पलंगावरील रुग्णाच्या मेव्हण्याला व त्या बादलीच्या मालकिणीला ठाऊक आहे. ज्यांच्या छातीतून ती निघाली तेवढे एकटे वगळण्यात आले आहेत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण मी आजवर अतिशयोक्ती समजत होते.

३. शस्त्रक्रियेनंतर वडिलांच्या छातीतून एक नळी काढून पलंगाखालच्या पाण्याच्या बाटलीत सोडली होती. ती कशासाठी हे त्यांना कोणी सांगितले नाही. वडील खोकले की बाटलीत बुडबुडे येत. आता महोदय, ज्या माणसाने आयुष्यभर ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधले, त्याने काय समजावे? ते समजले की पंक्चर आहे, ठिगळ ताजे आहे, आणि खोकल्याने ते उसवते आहे. म्हणून त्यांनी खोकणे बंद केले. श्वासही वरवरचा, जपून घेऊ लागले. बुडबुडे थांबले. वडील खूश झाले.

४. एवढ्यावर भागले असते तर मी आपला वेळ घेतला नसता. परंतु वडिलांना शिकवायची हौस आहे. त्यांनी दोन्ही बाजूंच्या पलंगांना सांगितले, "बाटलीकडे बघत जा. बुडबुडा आला की समजायचं, जोड निसटतोय." दोन दिवसांत छातीच्या शस्त्रक्रियेचा अख्खा वॉर्ड खोकेनासा झाला. सगळे पुरुष पलंगाच्या कडेवरून खाली वाकून आपापल्या बाटलीकडे गळ टाकून बसल्यासारखे बघत असत. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी सिस्टरांचे कौतुक केले, "वॉर्ड किती शांत ठेवलाय!" सिस्टर लाजल्या. बाटल्यांकडे टक लावून बसलेल्या माणसांना कोणी विचारले नाही, की बाबांनो, खाली काय हरवले आहे.

५. मग वडिलांना ताप चढला. कफ आत साचून घट्ट झाला होता, उरलेले फुफ्फुस नीट फुगत नव्हते. तो घशातून दुर्बिणीची नळी घालून ओढून काढावा लागला. जे निघाले त्याचे वर्णन अर्जात करू नये असे काकांचे मत आहे. मी दिवसभर गटारातून फिरलेली चाके हाताळते, तरी मला शिसारी आली. त्याहून जास्त शिसारी नंतर आली, जेव्हा डॉक्टरांनी दरडावून विचारले, "बाबा, खोकायला काय झालं होतं?" आणि वडील म्हणाले, "साहेब, ठिगळ उसवलं असतं," आणि पाच शिकाऊ डॉक्टर हसले. व्यायाम शिकवणाऱ्या बाई त्यानंतर आल्या. त्यांनी उशी छातीशी दाबून खोकायला लावले व सांगितले, "अडकलेली हवा बाहेर पडते म्हणून बुडबुडे येतात. येऊ द्या. खोकलात तरच फुफ्फुस उघडेल." हे सांगायला त्यांना चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. आपल्याकडे ही वाक्ये होती, महोदय. फक्त ती ताप आल्यानंतर द्यायची पद्धत आहे.

६. आता मुख्य मुद्दा. काढलेल्या गाठीशेजारच्या ग्रंथींतही कॅन्सरच्या पेशी सापडल्या. त्यामुळे सोमवारपासून केमोथेरपी सुरू करायची आहे. ती टाळली तर आजार परत येण्याची भीती जास्त, असे मला सांगण्यात आले (दारात, एक पाय बाहेर ठेवून). वडिलांना मात्र काका व आपले डॉक्टर मिळून सांगतात की ही "ताकदीची सलाईन" आहे. वडील म्हणतात, "ताकद सलाईनने येते होय? घरी दोन वेळ पोटभर जेवलो की येईल. ज्याला गरज आहे त्याला द्या." म्हणजे लपवाछपवी त्यांच्या भल्यासाठी आणि तिच्याचमुळे ते उपचार नाकारतात. एवढे निर्मळ मूर्खपण मी आमच्या दुकानातही पाहिलेले नाही, आणि तेथे एका गृहस्थाने सायकल तिच्या कुलपासकट हरवून किल्ली दुरुस्तीला आणली होती.

७. आपण म्हणाल, मुलीने स्वतः सांगावे. सांगितले. "आप्पा, कॅन्सर होता, आणि ही सलाईन त्याचीच आहे," अशा स्वच्छ शब्दांत. त्यांनी लगेच राउंडवरच्या धाकट्या डॉक्टरांना विचारले. ते गोड हसून म्हणाले, "कोण म्हणालं? साधी गाठ होती, काढून टाकली!" वडिलांनी माझ्याकडे वळून पाहिले आणि हळूच विचारले, "दुकानाचा फार ताण पडतोय का गं तुला?" तेव्हापासून ते माझ्या प्रकृतीची चौकशी करतात. काल त्यांनी सिस्टरांना विनंती केली, की एक ताकदीची सलाईन मला लावावी.

८. आज सकाळी सिस्टर उपचार नाकारल्याचा कागद सहीसाठी घेऊन आल्या. त्यावर छापले आहे : "मला माझ्या आजाराची संपूर्ण कल्पना देण्यात आली आहे." वडिलांनी चष्मा लावला, वाचले आणि विचारले, "कसली कल्पना?" काका पंख्याकडे बघू लागले. सिस्टरांनी कागद परत घेतला, ती ओळ आत जाईल अशी घडी घातली आणि म्हणाल्या, "बाबा, तेवढं सोडून खाली सही करा." मी घटना जशी घडली तशी लिहिली आहे. यात विनोद घालायला मला जागा मिळाली नाही.

९. वडिलांनी सही केली नाही. पेन टोपण लावून परत दिले, मला जवळ बोलावले व म्हणाले, "तू म्हणत होतीस ते खरंय की काय?" मी हो म्हटले. ते खचले नाहीत, महोदय. उठून नीट बसले आणि म्हणाले, "मग हे सगळे असे का वागतायत? आणि सलाईन घेतली तर काय होणार, नाही घेतली तर काय?" यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला येत नाही. दुसऱ्याचे मला नीट येत नाही, आणि अर्धवट सांगण्याची हिंमत आता माझ्यात नाही.

१०. तरी विनंती की, आपले एक डॉक्टर सोमवारपूर्वी वडिलांच्या पलंगापाशी पाठवावेत. स्टूल मी दुकानातून आणून ठेवले आहे. थोडे काळे झाले आहे, पण हलत नाही. त्यांनी त्यावर बसावे, आजाराचे नाव घ्यावे, काय काढले व काय उरले ते सांगावे, औषधाने काय त्रास होईल तेही सांगावे, आणि वडिलांचे प्रश्न संपेपर्यंत उठू नये. त्यानंतर हो म्हणायचे की नाही, हे वडील ठरवतील. काकांना तेवढा वेळ मी खाली नेईन.

मी वडिलांना सांगून ठेवले आहे, की डॉक्टर येऊन खरे सांगतील. आपल्या रुग्णालयाच्या वतीने त्यांना दिलेला हा पहिला शब्द आहे आणि तो मी दिला आहे. तो आपण पाळावा.

अजूनही नम्रच,

(सही)
पलंग क्रमांक अकरावरील रुग्णाची मुलगी

दिनांक : शनिवार, दुपार

सोबत : काही नाही. सर्व कागद आपल्याकडेच आहेत.