शिवरात्रीची कढई

रवि. १ फेब्रु.
…अंगण झाडलं, दोन हंडे भरले, दूध तापवलं, ह्यांचा खाकी शर्ट वाळत टाकला आणि कणीक मळायला बसले तेवढ्यात हे दारातून म्हणाले, "राहू दे गं. आज गॅस बंद. दत्तूकडं जाऊ." त्या सकाळी विशेष काहीच नव्हतं. तीच का आठवते कोण जाणे. पुढं कितीतरी वर्षं रविवारचा नाश्ता स्टँडसमोर, दत्तूभाऊंच्या हॉटेलात. दोघांना मिसळ. जास्तीचा पाव माझा.

ह्यांना जाऊन तीन वर्षं. पोट तेव्हापासून बिघडलेलं. इथले वडूजचे डॉक्टर म्हणत राहिले, "मावशी, दुःखानं होतं असं." शेवटी साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दुर्बिणीतून आतडं बघितलं. गव्हाचा कणही नको, जन्मभर. म्हणजे मी चपात्या खाऊन झिजत होते आणि नाव दुःखाचं! माझं दुःख माझ्याजवळ आहे. त्यानं माझं पोट कधी दुखवलं नाही.

आज जाऊन बघते दत्तूभाऊंकडं. दीड वर्ष बाहेर घासभर खाल्लं नाही.

मंगळ. ३ फेब्रु.
परवा गेले. सगळं नीट सांगितलं. पाव नको, मिसळ नको, इडली चालेल. "इडलीत कुठला आलाय गहू, वहिनी? खावा बिनघोर." सांबारात बुडवून खाल्ली. छान होती, खोटं कशाला बोलू.
काल दिवसभर अंथरुणात. आज पेज.

शुक्र. ६ फेब्रु.
हॉटेलात गेले. खायला नाही, विचारायला. सांबारातल्या हिंगाची डबी मागून घेतली. मागची बारीक इंग्रजी अक्षरं एकेक लावून वाचली. शाळा दुसरीपर्यंत, मराठी मी रद्दीच्या पेपरांवर शिकले, इंग्रजी ह्या दुखण्यानं पाकिटांवरून शिकवलं. डबीवर गव्हाचं पीठ. स्पष्ट.
दत्तूभाऊ हसले. "चिमूटभर हिंगानं काय हुतंय, वहिनी?" गिऱ्हाइकंही हसली. कोपऱ्यातून एक जण, "म्हातारीला शहरातला रोग झालाय." मी बावन्न वर्षांची आहे! डबी काउंटरवर आपटली. झाकण उडालं. उडू दे.

संध्याकाळी शोभा आली, धाकटी जाऊ. तिच्या कानावर गेलंच होतं. "आवं आक्का, रोग कशाला सांगताय? उपास हाय म्हणायचं. दत्तूभाऊ उपासाचं लय पाळत्यात."
देवाशी मी तीन वर्षं बोलत नाही. आता त्याचं नाव पुढं करून खायचं?

रवि. १५ फेब्रु. महाशिवरात्र
शोभानं ओढून नेलं. हॉटेलाच्या दारातच निराळी शेगडी, निराळी कढई, ताजं तेल. मिसळ वाढणाऱ्या माणसानं नुसता झाऱ्याला हात लावला तर दत्तूभाऊ अंगावर धावले, "आरं, उपासाचं हाय ते! हात धू आधी!" मग माझ्याकडं वळून, "वहिनी, उपास न्हवं?"
मान हलवली.
साबुदाण्याचे चार वडे. वरून कुरकुरीत, आत मऊ. दही, शेंगदाण्याची चटणी, वर चहा. दुसऱ्याच्या हातचं गरम, चार माणसांच्या गलक्यात बसून… शोभा म्हणाली, "आक्का, हसताय की!"

पोट दिवसभर गप्प. आणि मी पेटलेली. म्हणजे जमतं दत्तूभाऊंना! देवासाठी कढई निराळी, झारा निराळा, हातसुद्धा धुतलेला. माझं आतडं सोलून निघतं ते मात्र चिमूटभर.
शोभा म्हणते, "झालं की काम. आता दर रविवारी उपास."
दर रविवारी मान हलवायची. ह्यांच्याबरोबर जिथं बसायचे तिथं बसून…

सोम. १६ फेब्रु.
सकाळी आठला गेले. एकटी. हॉटेल भरलेलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दत्तूभाऊ, काल माझा उपास नव्हता. मान हलवली ती खोटी. आजही उपास नाही. मला आजार आहे. कालच्या कढईत पोहे करून द्या, हिंग नको."
त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. "वहिनी, शिवरात्र सरली. कढई माळ्यावर ठिवली."
"उतरवा," मी म्हणाले, आणि बसले.