बर्फावर घसरले म्हणून सांग

बाबा, इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुमच्या नावाची पाटी लागणार आहे. तुम्ही असतात तर "कशाला, कशाला" म्हणत स्क्रू घट्ट बसलेत का ते स्वतः तपासलं असतंत. मजकूर माझ्याकडे मंजुरीला आलाय: हॅमिल्टनच्या कोर्टात तीस वर्षं क्लार्क, बारा वर्षं मंडळाचे अध्यक्ष, आणि खाली ठळक अक्षरांत, 'त्यांच्या काळात एकाही मराठी घराला कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.' वाचून मी इतकी हसले की वरच्या खोलीतून मुलगी ओरडली, "मॉम, आर यू ओके?"

कोण चढणार, बाबा? पायरीवर तुम्हीच बसला होतात. मला तो रविवार आठवतो. आपलं बेसमेंट, मी ग्रेड ट्वेल्व्हमध्ये, हातात चहाचा ट्रे. समोर ती ताई, मंडळाच्या हळदीकुंकवाला दरवर्षी रांगोळी काढणारी. नवऱ्याने पिरगळलेला डावा हात गळ्यात बांधलेला. "काका, मी कोर्टात अर्ज करू का? तुम्ही असता ना तिथे," ती विचारते. केवढ्या विश्वासाने! आणि तुम्ही चहात बिस्किट बुडवत म्हणता, "मी असतो म्हणूनच नको. आपल्या माणसाची फाइल माझ्या टेबलावर आली तर गोरे काय म्हणतील? मी बोलतो त्याच्याशी. हाताचं कुणी विचारलं तर बर्फावर घसरले म्हणून सांग."

दिवसभर लोकांना खरं बोलायची शपथ देणारे तुम्ही! आपल्या साक्षीदारांसाठी ड्रॉवरमध्ये गीता ठेवायचात, रेशमी रुमालात गुंडाळून. त्या रविवारी कुठे होती ती? तिच्या नवऱ्याशी बोललात, हो. पुढच्या गणपतीत त्याच्याच हाती आरतीचं ताट दिलंत. ती त्या हिवाळ्यात आणखी दोनदा 'घसरली', मग एक दिवस एकटीच बसने पार कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, कॅल्गरीला निघून गेली. कोर्टात फाइल नाही, म्हणजे काही घडलंच नाही. तुमचा हिशेब सोपा होता.

मंडळाच्या दिवाळी अंकात मी दरवर्षी सगळ्यांची सालं काढते. लोक म्हणतात, हिच्या जिभेला धार आहे. त्या रविवारी मात्र ताई जायला निघाली, एका हाताने बुटाची चेन लावता येईना, तर मी खाली बसून लावून दिली आणि म्हणाले, "ताई, सांभाळून जा हं. बाहेर खूप बर्फ आहे." तिने माझ्याकडे पाहिलं, तसं तिने तुमच्याकडेही पाहिलं नव्हतं.

हे पत्र काही कुठे जाणार नाही. मंडळाला काल गेलं ते एवढंच: 'मजकूर छान आहे.'